पेडलमागचे चार स्क्रू

डोंगरातली सायकल बायकोला मी शिकवली. हे मी चारचौघांत अजूनही सांगतो आणि लोकांना ते पटतंही. आम्ही झिरकपूरला राहतो. माझं ऑफिस आयटी पार्कात, ती सेक्टर ३९ मधल्या लॅबमध्ये संशोधन करते. चंदीगडच्या पहिल्याच हिवाळ्यात मी दोन सायकली घेतल्या आणि दर रविवारी तिला सिसवां गावाजवळच्या जंगलात न्यायला लागलो. गिअर कधी बदलायचा, उतारावर कुठला ब्रेक किती दाबायचा, सगळं मी सांगायचो, ती ऐकायची. वर्षभरात ती माझ्या पुढे निघून गेली.

पुढे म्हणजे अक्षरशः पुढे. जंगलात एक लाल मातीचा चढ आहे. मी धापा टाकत माथ्यावर पोचायचो, तेव्हा ती झाडाला टेकून फुटाणे खात उभी असायची. म्हणायची, "आलास? आधी दम खा." त्या 'दम खा'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला तिचा हेवा वाटायचा, साधा उघडा हेवा. दुसऱ्या कुणाचा वाटला असता तर घरी येऊन बायकोला सांगून मोकळा झालो असतो. बायकोचाच वाटला तर सांगायचं कुणाला?

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे माहिती. सायकलीच्या सामानाचे मी इतके व्हिडिओ पाहिलेत की उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्यामुळे एक दिवस ती म्हणाली, "लॅबमधली मुलं ती पाय अडकवायची पेडलं वापरतात, मलाही हवीत. पहिलीच आहेत, स्वस्तातली चालतील. तूच निवड, तुला कळतं त्यातलं," तेव्हा मी फुललो आणि त्याच क्षणी पोटात दुखायलाही लागलं. नुसत्या पेडलांवर ती मला मागे टाकत होती. पाय अडकवल्यावर तर विचारूच नका.

या पेडलांना क्लिपलेस म्हणतात. बुटाच्या तळव्याला एक लोखंडी तुकडा बसवतात, तो पेडलमध्ये खटकन अडकतो. मग खडबडीत वाटेवरही पाय निसटत नाही. सुटायचं असेल तर टाच बाहेर वळवायची.

निवड मात्र मी इमानदारीत केली. दोन शनिवार दुकानं पालथी घातली. हायवेवर पळवणाऱ्यांचे, त्या लोखंडासाठी तळव्याला तीन भोकं असलेले बूट बाजूला ठेवले. डोंगरात उतरून सायकल ढकलावीच लागते, म्हणून दोन भोकांचे, रबरी तळव्याचे, ज्यात लोखंड आत दबलेलं असतं ते घेतले. तिला चकती फिरवून आवळायचे बूट आवडले होते. मी साधे पट्ट्यांचे घ्यायला लावले, कारण चकती तुटली की बूट गेला. माप मुद्दाम संध्याकाळी, पाय जरा फुगलेले असताना, जाड मोजे घालून बघितलं. पेडलं दोन्ही बाजूंनी अडकणारी, जड पण टिकाऊ. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, आपने तो पूरी पढ़ाई कर रखी है जी." तिने हसून माझा दंड धरला. आमच्या संसारातला तो फार चांगला शनिवार होता.

रविवारी सकाळी गॅलरीत बसून मी पेडलं बसवली. प्रत्येक पेडलला दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्क्रू असतो. तो सैल केला की पाय सहज सुटतो, कसला की पेडल बूट घट्ट धरून ठेवतं. शिकणाऱ्याचा सैलच ठेवायचा, हे पहिल्याच व्हिडिओत सांगतात. आतून तिचा आवाज येत होता. लॅबमधल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "अब तो मैं ऊपर जाकर एक नींद ले लूँगी यार, तब तक ये पहुँचेंगे."

मी अ‍ॅलन कीने चारही स्क्रू कसले. जाईल तिथपर्यंत कसले.

ती पडावी असं मला वाटत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. तिला ते जमू नये, एवढंच वाटत होतं. खाली पार्किंगमध्ये तिने भिंतीला धरून पाय अडकवून पाहिला. "फार घट्ट आहे रे."

"नवीन आहेत," मी म्हणालो. "होतील सैल."

चढाच्या अलीकडे एक कोरडा ओढा लागतो. तिथे समोरून गुज्जर गुराख्यांच्या म्हशी आल्या. ती थांबली. टाच वळवली, पुन्हा वळवली, मग माझ्याकडे बघितलं आणि सायकलीसकट उजवीकडे आडवी झाली. मनगटाला तडा गेला, सहा आठवडे प्लास्टर. लॅबमध्ये पिपेट धरता येईना, महिनोन्‌महिने चालवलेला प्रयोग दुसऱ्याच्या हाती गेला. त्या दिवशी ती रडली. म्हणाली, "माझीच चूक. नाही जमत मला ते. विकून टाकू यार."

मी पोहे केले, तिची वेणी घातली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जावई असावा तर असा." रविवारी मी एकटाच जायचो. माथ्यावर कुणी नसायचं. खोटं कशाला बोलू, पहिल्या रविवारी बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी मी चढाच्या पायथ्यावरूनच परत फिरलो.

प्लास्टर निघाल्यावर तिने सायकलीवरून पेडलं काढून आणायला लावली आणि पिशवीत भरून त्याच दुकानात विकायला नेली. स्क्रू आधी सैल करून ठेवायचं माझ्या मनात रोज यायचं, पण अ‍ॅलन की हातात धरवेना. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पेडल अंगठ्याने दाबून पाहिलं आणि चष्मा वर केला. "मैडम, ये तो पूरा कसा हुआ है. नया ऐसे नहीं आता. किसी ने जान-बूझकर कसा है जी."

घरात अ‍ॅलन की वापरणारा माणूस एकच. मी भिंतीवर टांगलेले टायर बघत राहिलो.

"मैंने ही कसा था," ती म्हणाली. "मुझे पता नहीं था."

मिस्त्रीने चारही स्क्रू सैल केले. तिने पेडलं परत पिशवीत टाकली. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, तेव्हा पिशवी मांडीवर धरून तिने एवढंच विचारलं, रविवारी किती वाजता निघायचं.

पुढच्या रविवारी तिने चढाच्या पायथ्याशी पाय अडकवले आणि बघता बघता दिसेनाशी झाली. मी मागून चढत होतो आणि त्या दुकानातलं तिचं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर मिस्त्रीसमोरच तिच्यावर ओरडलो असतो. चढावर ती पुढे असते हे एक वेळ मी गिळलं असतं. पण तिथेही तीच पुढे होती, आणि मला त्याचाही हेवा वाटत होता.

वर ती झाडाला टेकून उभी होती. मी सायकल टाकली, तिच्यासमोर गेलो. सगळं सांगायला तोंड उघडलं.

तिने फुटाण्यांची पुडी पुढे केली. "आधी दम खा," ती म्हणाली. "मग सांग."