टेस्ट वाचणाऱ्या बाई

दौलतगंजातल्या आमच्या ऑफिसात सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर तयार होतं. ते बरोबर चालतं की नाही, हे तपासणाऱ्या टेस्ट, म्हणजे तेही छोटे प्रोग्रॅमच, शेजारच्या टेबलावरच्या बाई सांभाळतात. त्या वाक्य मराठीत सुरू करतात आणि राग आला की हिंदीत संपवतात. चष्मा पुसल्याशिवाय उत्तर देत नाहीत.

कोडच्या ओळी आपोआप नीट लावणारा फॉर्मॅटर ऑफिसात आला, तेव्हा त्यांच्या टेस्ट विस्कटल्या. त्यांत जागोजागी मॅक्रो होते, म्हणजे लांब कोडला दिलेली छोटी नावं. नावामागे काय आहे हे फॉर्मॅटरला कळेना, आणि तो ओळी भलतीकडे तोडू लागला.

"ताई, टेस्ट पास होताहेत ना? या फाइली फॉर्मॅटरमधून वगळा, चल जाएगा," टीमचा प्रमुख म्हणाला.

त्यांनी चष्मा पुसला. "फॉर्मॅटरला हे वाचता येत नाही. तुला येतं का? सलाइन कुणाच्या तरी हाताला लागणार आहे. ऐसे नहीं चलेगा."

मग त्या एकेक मॅक्रो काढून साधा कोड लिहीत बसल्या. प्रमुख जाता-येता विचारायचा, "झालं का, ताई?" त्या मान वर करत नसत.

शुक्रवारी त्यांनीच त्याला बोलावलं. नळीत हवा शिरली तर पंप थांबतो का, हे पाहणारी टेस्ट पडद्यावर होती. मॅक्रो गेल्यावर स्पष्ट दिसत होतं, की ती पंप सुरू करते आणि पुढे काहीच तपासत नाही. त्यांनी तपासणीची ओळ लिहून टेस्ट चालवली. ती नापास झाली. पंप थांबत नव्हता.

प्रमुखाने खुर्ची ओढली. "उरलेल्या फाइली अर्ध्या मला द्या."

त्या तोवर पुढची उघडत होत्या.