तळीला पाचवा हात

देवावर रुसायचं तर कारण तरी मोठं असावं. माझं कारण म्हणजे बाभळीचा एक काटा. उभी जवानी फौजेत गेली, बर्फात राहिलो, गोळ्यांच्या आवाजात जेवलो, पण अंगावर साधा ओरखडा नाही. आणि निवृत्त होऊन खटकचिंचोळीला आलो, तर स्वतःच्याच शेताच्या बांधावर काटा भरला. साखरेच्या आजारामुळे जखम चिघळली आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखालून काढला. पाय गेला त्याहून जास्त मला लोकांच्या नजरा बोचायच्या. मी बाज धरली ती धरलीच. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेनं पुण्याला कृत्रिम पाय बसवायची सगळी व्यवस्था केली होती, तरी मी 'येत नाही' असाच निरोप धाडत होतो. असंच पडून राहिलात तर गुडघा आखडेल आणि मग पाय बसणारच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला ते कळत होतं, पण उठवत नव्हतं.

अशातच चंपाषष्ठी आली. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे, मल्लय्या, म्हणजे खंडोबा, आमचं कुळदैवत. त्या दिवशी घरात तळी भरतात. तामणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा आणि पाच पुरुषांनी भोवती बसून, 'येळकोट' म्हणत ते तामण मिळून उचलायचं. आमच्या घरात पाचात एकही कमी चालत नाही. एरवी मी, माझी दोन मुलं आणि भावकीतले दोघं असायचो. त्या वर्षी थोरला हैदराबादला, धाकटा पुण्याच्या कारखान्यात, दोघांनाही सुट्टी मिळाली नाही. भावकीला बोलवायचं नाही, असं मीच बायकोला दटावलं होतं. ती बिचारी सकाळपासून वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "समदं झालंय, पर तळी कोन उचलंल? देवाला काय सांगू मी?" मी देव्हाऱ्याकडे बघून खेकसलो, "मल्लय्या, तळी तुजी हाय, तर मानसं बी तूच आन!" ती काही प्रार्थना नव्हती, नुसता वैताग होता.

दुपार कलली आणि दारात जीप थांबली. संघटनेचे पाचजण उतरले. कुणा जवानाच्या विधवेची पेन्शन अडली की हीच जीप बीदरला धावायची, कुणाला दवाखान्यात न्यायचं तरी हीच. आज ती मोकळी होती, म्हणून ते माझं मन वळवायला आले होते. चंपाषष्ठी त्यांच्या ध्यानातही नव्हती. पुढे आमचे सुभेदार अप्पा आणि सगळ्यांत मागे मन्नाएखेळ्ळीचा माणिक. माणिक आणि मी एका बंकरमध्ये राहिलेलो. अप्पा दारातूनच गरजले, "कामून पडलायस हवालदार? ऊठ!" बायकोला मात्र रडूच फुटलं. मल्लय्यानं पाच धाडले, म्हणत तिनं तामण आणून मांडलं.

मीही मनात मोजलं. पाच भरले होते, माझी गरज नव्हती. सुटल्यासारखं वाटलं आणि आत कुठंतरी लागलंही. म्हणालो, "तुमी पाच हायसा, घ्या उचलून." चौघं तामणाभोवती बसले. माणिक उभाच राहिला.

"मी तळीला हात लावत न्हाई, ठावं हाय तुला," तो हळूच म्हणाला.

खरंच ठाऊक होतं. त्याच्या वडिलांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. फौजेतही तो कधी आरती म्हणाला नाही आणि मला त्याचं कधी वावगं वाटलं नाही. अप्पांनी सवयीनं गिनती केली आणि म्हणाले, "एक कमी." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माजं बसनं होत न्हाई, अप्पा. तोल जायलाय."

माणिक बाजेपाशी आला. "तळी न्हाई धरत मी. तुला धरतो की. चल."

त्यानं माझ्या बगलेत खांदा घातला आणि मला खाली आणलं. माझ्या मागे मांडी घालून बसला, त्याच्या छातीला माझी पाठ टेकली. ज्या तुटक्या पायावर मी चादर ओढून असायचो, तो उघडा सगळ्यांसमोर होता आणि कुणाची नजर तिकडे वळली नाही. चौघांच्या हातांशेजारी माझा हात गेला. 'येळकोट येळकोट' म्हणत तामण वर उचललं, तेव्हा माझा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि डोळे वाहत होते. भंडारा उधळला तो माणिकच्या केसांतही पडला. त्यानं झटकला नाही. मग सगळे पोटभर जेवले, भरीत तर पुरलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या जीपमधून मी पुण्याला गेलो, सोबत माणिक होता. आज कृत्रिम पायावर शेतात जातो. त्या दिवशी जीप योगायोगानं आली असेल, मी वाद घालत नाही. मी मल्लय्याकडे माणसं मागितली होती. त्यानं चार दिली, पाचवी जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली आणि मला सावरायला माणिकला धाडलं. या दयेचं ऋण माझ्याच्यानं फिटायचं नाही.

दर चंपाषष्ठीला माणिक जेवायला येतो. तळी उचलताना माझ्या मागे येऊन बसतो. आता मला आधार लागत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. तरी मी थोडा मागे रेलतो.