अर्धं वाक्य

मंगळवारी दुपारी ऑफिसात माझ्या पतीचं हृदय थांबलं. संध्याकाळी त्यांचा लॅपटॉप विद्यानगरच्या घरी आला.

पैसे पाठवायच्या अ‍ॅपमधली गुप्त किल्ली चोरांपासून जपणं हे त्यांचं काम. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. "मग लपवून ठेवा की कुठेतरी," असं मी एकदा म्हटलं होतं.

"कुठे लपवणार? फोनच चोराच्या हातात आहे, असं धरून लिहावं लागतं."

म्हणून ते किल्लीचे तुकडे करून प्रोग्रॅममध्ये असे मिसळून टाकत, की काम होई, पण अख्खी किल्ली कुठल्याही क्षणी कुणाला दिसत नसे.

घरीही तीच रीत. लॅपटॉपचा पासवर्ड म्हणजे मामंजींच्या तोंडचं एक वाक्य, इंग्रजी अक्षरांत. अर्धं मला सांगितलेलं, अर्धं पुण्यात स्थायिक झालेल्या धाकट्या दिरांना. कागदावर उतरवायचं नाही, ही अट.

आत मामंजींच्या आठवणींची रेकॉर्डिंग होती. प्रश्न यांनी विचारलेले. यांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. मला तो हवा होता.

दोन्ही अर्धी वाक्यं जोडली. लॅपटॉप उघडेना. यांचा एक सहकारी येऊन बघून गेला.

"फोडता नाही का येणार?" मी विचारलं.

"काकू, सरांनी लावलंय. फुटू नये याचाच तर पगार होता त्यांना."

दिरांना त्यांचं अर्धं पुन्हा विचारलं.

"'घाई नको करू.' वहिनी, यात चुकण्यासारखं काय आहे?"

मी बरेच दिवस त्या तीन शब्दांपाशी होते. मामंजींचा जन्म इथला, वकिलीही इथलीच; बोलणंही इथलंच, पुण्याचं नव्हे. ते 'नको' म्हणाल्याचं मला काही केल्या आठवेना. मी पुन्हा फोन लावला.

"भाऊजी, मामंजींसारखं म्हणून दाखवा."

त्यांनी मामंजींसारखा घसा खाकरला. मग म्हणाले, "घाई नक्को करू."

"बघा."

"इथे पुण्याच्या कॉलेजात पोरं हसायची हो. सुधारून घेतलं मी."

"पासवर्डसकट सुधारलंत."

ते हसले.

मी आणखी एक 'के' घातला. लॅपटॉप उघडला.

रेकॉर्डिंग आता माझ्याकडे आहेत. बहुतेक मामंजीच बोलतात. हे मधूनमधून "मग?" एवढंच विचारतात.