मी स्वीडनमध्ये घर तपासलं

माझ्या अकलेचे धिंडवडे वसईत निघाले नाहीत, थेट स्वीडनमध्ये निघाले. तेव्हा कप खाली ठेवू नका, नीट ऐका. पास्कूच्या तोंडून तुम्ही हे ऐकलंही असेल. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत त्याने ते पोचवलंय. पण पास्कू शाळामास्तर. तो किस्सा सांगत नाही, निकाल वाचून दाखवतो. म्हणून म्हटलं, आपली अब्रू आपणच काढावी, निदान नीट तरी निघेल.

आम्ही तिघं गेलो होतो, उन्हाळ्यात. पास्कू, सतीश आणि मी. सतीश खाडीकडचा, भातशेतीच्या घरातला, आता त्याचे टेम्पो आहेत. म्हणून गाडी त्याच्याकडे. पास्कूकडे नकाशा. आणि मी? मी दुबईला दोनदा जाऊन आलोय, वालीवला माझा छोटा कारखाना आहे, म्हणजे पुढारी मीच. कोणी नेमलं नव्हतं. नेमणुकीची वाट बघत बसलं की माणूस मागच्या सीटवर जातो.

कोपनहेगनला भाड्याची गाडी घेतली आणि समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरलो. देश कसला, सुट्टीच्या दिवशीची शाळा. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, हॉर्न नाही. दोन तासांत एका गाईने आमच्याकडे बघितलं, तेही नाइलाजाने. घरं सगळी एकसारखी. तांबड्या लाकडी भिंती, पांढऱ्या खिडक्या.

"यांच्याकडे दुसरा रंग पोचलाच नाही वाटतं," मी म्हणालो. सतीश हसला नाही. विनोद कळायलाही थोडं फिरलेलं असावं लागतं.

तळ्याकाठचं एक घर आम्ही दोन दिवसांसाठी ऑनलाइन घेतलं होतं. मालकाचा निरोप साधा होता: चर्च ओलांडलं की तांबडं घर, तीन वाजल्यापासून तुमचं.

आम्ही सव्वादोनलाच पोचलो. समोर तळं, तळ्याकाठी तांबडं घर, घराचं दार सताड उघडं.

"थांब," पास्कू म्हणाला. "चर्च अजून पुढे आहे. ते बघ, मनोरा दिसतोय. आपण अलीकडेच थांबलोय."

"पास्कू, मी सांडोरचा, चर्चच्या सावलीत वाढलेला. चर्चची अलीकडची बाजू कुठली नि पलीकडची कुठली, हे तू मला शिकवू नकोस. घर तांबडं आहे, तळं आहे, दार उघडं आहे. अजून काय हवंय, बँड?"

आत गेलो. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, नक्षीचे कप, थर्मासमध्ये कॉफी आणि मधोमध स्ट्रॉबेरीचा भला मोठा क्रीम केक.

"याला म्हणतात सोय," मी म्हणालो. "घर कोणी निवडलं?"

दोघांच्या तोंडात केक होता. पण सतीशची नजर फिरत होती.

"बस्त्याव, हितं गोळ्यांचा डबा हाय. सोमवार, मंगळवार असे कप्पे."

"प्रथमोपचार."

"भिंतीवर पोरांचे फोटो कोनाचे?"

"शोभेचे."

"आनि ही मांजर?"

"मांजर घराबरोबर येतं, सतीश. परदेशात फर्निश्ड म्हणजे फर्निश्ड."

तेवढ्यात मागच्या दाराने एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठ मात्र ताठ, हातात बागेतली फुलं. आम्हाला बघून थबकल्या, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुम्ही लवकर आलात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला तीन सांगितलं होतं."

"आम्ही वेळेच्या आधी येणारी माणसं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच आलो होतो.

"आणि तिघं?"

"तिघंच."

"बरं. केक घेतलात, छान केलंत. आता तुम्हाला घर बघायचं असेल."

शहाण्या माणसाने इथे विचारलं असतं की बाई, आपण कोण? मला विचारायची गरजच वाटली नाही. केअरटेकर, दुसरं कोण असणार? आणि केअरटेकर बाईने एवढ्या अदबीने 'घर बघा' म्हटल्यावर मी काय सोडतोय? फोनवर नोंदी करत सुटलो.

जिन्याला कठडा एकाच बाजूला. "इथून कोणी पडलं तर?" मी विचारलं.

"मी कधी पडले नाही," त्या घाईने म्हणाल्या आणि मला चढून दाखवलं. उतरूनही दाखवलं.

"शेगडी चालू राहिली तर?"

"नाही राहत. माझ्या सगळं लक्षात असतं."

न्हाणीघरात पाय घसरेल अशी फरशी. लिहून घेतलं. झोपायच्या खोलीत गेलो तर पलंगावरची चादर वापरलेली.

"ही बदलावी लागेल," मी म्हणालो.

"आत्ता?"

"आत्ताच. माझ्यासमोर."

त्यांनी कपाटातून धुतलेली चादर काढली. सतीश मदतीला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "नको. मी एकटी करू शकते." आणि केलं. चारी कोपरे असे खोचले की लष्करात शोभावेत. मग मला पटलं का, ते माझ्या चेहऱ्यावर बघून घेतलं.

"बस्त्याव, बस झालं," पास्कू मराठीत पुटपुटला. "म्हातारी घाबरलीये."

"घाबरायलाच पाहिजे. कामाच्या माणसाला धाक असावा. वालीवला मी काय करतो?"

शेवटी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, एप्रनला हात पुसत. "कसं वाटलं? ठीक आहे का सगळं?"

"ठीक आहे," मी म्हणालो, "पण सुधारणेला खूप वाव आहे."

त्यांचा चेहरा पडला. खुर्चीत बसल्या आणि एप्रनची गाठ सोडायला लागल्या. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. म्हणून मी केकचा अजून एक तुकडा घेतला.

बरोबर तीन वाजता बेल वाजली. दारात एक तरुण बाई, काखेत लॅपटॉप. ती आजींशी स्वीडिशमध्ये बोलली, आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही कोणत्या खात्याचे?" तरुण बाईने मला विचारलं.

"खातं कसलं? आम्ही पाहुणे. हे घर दोन दिवस आमचं आहे."

त्याच क्षणी पास्कूच्या फोनवर मालकाचा निरोप आला. पास्कूने तो सावकाश, शाळेत वाचतात तसा वाचला. "चर्चच्या पलीकडच्या घरी मी किल्ली घेऊन थांबलोय. तुम्ही कुठे आहात?"

मग त्या बाईने जे सांगितलं ते ऐकताना मी जमिनीकडे बघत होतो. ते घर आजींचंच. एकेचाळीस वर्षं त्या तिथे राहत होत्या. मुलाचं म्हणणं, आता एकटीने राहू नये, शहरातल्या वृद्धाश्रमात जावं. आजी हटून बसलेल्या. म्हणून त्या दिवशी नगरपालिकेचा माणूस येऊन बघणार होता, की आजींना एकटीने राहणं झेपतंय का. त्याच्यासाठी केक, त्याच्यासाठी ते नक्षीचे कप. तो माणूस म्हणजे ही लॅपटॉपवाली बाई, पण माझा रुबाब बघून आजींना वाटलं, मीच तो. जिना चढल्या, चादर बदलली, सगळं घर वाचवायला. आणि मी त्यांना सांगितलं, सुधारणेला वाव आहे.

मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, ती पुरेना म्हणून मराठीत मागितली, हात जोडले. सतीश आणि पास्कू माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभे होते, माझ्याबरोबर आलेच नसल्यासारखे.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की डोळे पुसावे लागले. त्यांनी त्या बाईला बसवलं, उरलेला केक वाढला आणि स्वीडिशमध्ये बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाई भराभर टाइप करत होती. मधेच माझ्याकडे बघायची, परत टाइप करायची.

"काय लिहिलंत?" पास्कूने विचारलं. त्याला निकालाची भारी हौस.

बाई संकोचली, पण आजींनीच तिला ते इंग्रजीत मोठ्याने वाचायला लावलं:

"आजी एकट्या राहू शकतात. आज त्यांनी एका अत्यंत त्रासदायक माणसाला पाऊण तास, कोणाच्याही मदतीशिवाय, सांभाळलं आहे."