मास्तरांचा फोन यादीत नव्हता

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते लिफ्ट दुरुस्त करत. एकतीस इमारतींच्या लिफ्टमध्ये बटणांच्या वरती त्यांनी स्वतःच्या हाताने आपला नंबर चिकटवला होता. अडकलात तर घाबरू नका, फोन करा. फोन आला की मास्तर जेवणावरूनही उठत.

फोन जाडजूड, मोठ्या बटणांचा, ग्रीसने माखलेल्या बोटांनाही दाद देणारा. तो त्यांनी स्वतः दुकानातून आणला होता. त्यात सिमकार्ड एका छोट्या कंपनीचं होतं, कारण तिथे बाहेरून आणलेला कुठलाही फोन चाले.

मग ती छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. मेसेज आला, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. तो वाचला तेव्हाच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

महिनाभरात रेंज ये-जा करू लागली. मास्तर जिना चढताना फोन बघत, रस्ता ओलांडताना बघत. घरी असले की बायकोची शिलाई थांबवून तिला आपल्या नंबरवर फोन लावायला सांगत. वाजला की दहा मिनिटं बरी जात, मग पुन्हा चुळबुळ.

"अहो, फोन आहे तो, तापानं फणफणलेलं पोर नाही," ती म्हणाली.

शेवटी ते मोठ्या कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने तपासून सांगितलं की हा फोन कंपनीने मान्य केलेल्या फोनच्या यादीतच नाही, तो लवकरच पूर्ण बंद पडेल. दोन वर्षांचा करार केला तर नवा मिळेल, पण त्यात दुसऱ्या कुणाचं सिमकार्ड चालणार नाही.

"कंपनी तुमची बदलली, मग फोन मी का बदलायचा?" मास्तरांनी विचारलं.

मुलीने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "काका, माझ्या आईचा फोनही यादीत नाही. नंबर हाच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जा. उशीर करू नका."

मास्तरांनी त्याच दिवशी अर्ज केला. नंबर तिकडे जायला चार दिवस लागणार होते आणि रेंज दुसऱ्याच दिवशी गेली. मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. या इमारतीतून त्या इमारतीत, कोणी अडकलंय का बघत ते फिरत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका सातमजली इमारतीत त्यांना लिफ्टच्या दारावरच्या थापा ऐकू आल्या. ते धापा टाकत वर मशीनच्या खोलीत गेले, वीज तोडली, हाताने ब्रेक सोडून लिफ्ट मजल्याला आणली. आत एक निवृत्त नर्सबाई खाली बसल्या होत्या, पाऊण तासापासून. त्यांनी अकरा वेळा फोन लावला होता.

त्या रागावल्या नाहीत. साडी झटकत एवढंच म्हणाल्या, "नंबर लिहिलाय म्हणजे कोणीतरी उचलेल असं वाटलं होतं."

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी नव्या कंपनीत फोन खणखणीत वाजला. पण ही कंपनीसुद्धा कुणात तरी विलीन होणार अशी कुजबुज होतीच. मास्तरांनी मग सगळीकडे आपल्या नंबरखाली बायकोचा नंबर चिकटवला. लिफ्टमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ती म्हणत राहिली.

"कळायला नको," मास्तर म्हणाले. "मी पोचेपर्यंत बोलत राहा, बस."

पुढच्याच आठवड्यात मास्तर एका लिफ्टखालच्या खड्ड्यात, जिथे रेंज पोचत नाही, उतरलेले असताना तिच्याकडे पहिला फोन आला. एक कारकून कार्यालयाच्या लिफ्टमध्ये अडकला होता, घाबरून घामाघूम झाला होता. तिने शिलाईचं मशीन थांबवलं, शेजारच्या मुलाला मास्तरांकडे पिटाळलं आणि कारकुनाला बोलतं ठेवलं. मास्तरांनी निरोप मिळताच धावत येऊन दार उघडलं, तर कारकून तिला आपल्या कोटाच्या बाह्या कशा लांब पडतात, किती कापायला हव्यात ते सांगत होता. जरा थांबा, अशी त्याने हाताने खूण केली. मास्तर दारात उभे राहिले. त्यांना अजून चार इमारती बघायच्या होत्या.