गिळलेला शब्द

"गोळी गिळा, शब्द गिळू नका." दुखणं पुटपुटत सांगणाऱ्याला आमच्या आशाताई असं म्हणत आणि कानामागं हात धरून उभ्या राहत. अशी बाई तुमच्याही गावात असेल. मी मात्र शब्द गिळला. तोही ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर.

सूचना सांगायचं काम माझं. ताईंनी चिठ्ठी दिली होती: चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुख कर्करोग प्रतिबंधक लस, सरकारकडून मोफत. 'गर्भ' एवढं म्हणालो आणि समोर पारावर बसलेले म्हातारे दिसले. लाज वाटली. खोकलो. खोकून झाल्यावर थेट म्हणालो, "प्रतिबंधक लस, उद्या शाळेत."

दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांची एकही मुलगी शाळेत नव्हती. कुणाला ताप, कुणाच्या मामाचं लग्न.

"पोरींची कूस बंद करायला निघालाय व्हय गं?" एका आजीनं ताईंना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. ताईंनी मला दोष दिला नाही. "भाऊंना खोकला झालाय," एवढंच म्हणाल्या.

मग त्या लोटी घेऊन घरोघर फिरल्या. लोटी उपडी धरायच्या. "ही पिशवी, हे तिचं तोंड. क्यान्सर हितं व्हतो, त्याची ही सुई. लेकरं व्हायची थांबत न्हाईत." लोटी दिसली की पारावरचे म्हातारे उठायचे. "बसा की आबा, तुमाला न्हाई टोचत," म्हणून ताई त्यांना आणखी पळवायच्या.

बाकी सगळ्या मुली शेजारच्या मढ गावच्या दवाखान्यात जाऊन लस घेऊन आल्या. राहिली त्या आजीची नात. घरात शब्द आजीचाच. "स्पीकरनं सांगितलं ते स्पीकरनंच मागं घ्यावं," आजी म्हणाली. "लोटीवर माजा इस्वास न्हाई."

"भाऊ, आता तुमी," ताई म्हणाल्या.

"स्पीकर बिघडलाय, ताई."

"स्पीकर का गळा?"

तीन दिवस मी तेच सांगत राहिलो. चौथ्या दिवशी ताई सकाळीच निघाल्या. मढच्या दवाखान्यात लस राखून ठेवायला सांगून स्वतः तिथं जाऊन बसल्या. आजीच्या नातीला उद्या पंधरा वर्षं पूर्ण होणार होती, मग मोफत लस बंद.

मी स्पीकर लावला. ताईंना तिकडं ऐकू जाणार नव्हतं. खिडकीखाली आजी नातीला घेऊन उभी होती, पायात चपला, कानामागं हात.

"मी चुकीची सूचना दिली. ही लस गर्भ थांबवायची नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आहे. गर्भाशयमुखाच्या. लाजून मी शब्द गिळला. आजी, माफ करा. मढची गाडी फाट्यावर उभी आहे. ताईंना सांगा, भाऊंचा खोकला गेला."