आईचं मरण खोडायला लावणारे ढोले सर

प्रा. विश्वनाथ ढोले सरांची आणि माझी पहिली भेट जामखेडच्या वाचनालयात झाली. सर तेव्हा निवृत्त झाले होते आणि परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना रोज दुपारी तिथे विनामूल्य मार्गदर्शन करीत. माझे आईवडील ऊसतोडीला जाणारे. मला सार्वजनिक आरोग्य शिकायचं होतं आणि शिष्यवृत्तीशिवाय ते शक्य नव्हतं.

सरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. पंचाहत्तरीतही त्यांची ही रीत कायम आहे. आमच्या चुका ते पेन्सिलीने हलकेच खुणावतात, पण एक वाक्यही स्वतः लिहून देत नाहीत. "मुलाखतीला मी येणार नाही, तुम्ही जाणार आहात," असं म्हणतात.

अर्जासोबत स्वतःविषयी इंग्रजीत निबंध लागतो. दुःख लिहिलं की अर्ज लक्षात राहतो, असं मोबाईलवर एका सल्लागाराने सांगितलं होतं. म्हणून मी आईचं मरण लिहिलं. पाटाच्या वळणावर उसाची ट्रॉली उलटली, आईच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, एका पायातलं जोडवं चिखलात गेलं. आई जिवंत होती आणि तोडीवर होती. ती नेहमी साडी नेसते. लुगडं मला का सुचलं, हे आजही सांगता येत नाही.

सरांनी ते पान दोनदा वाचलं.

"आई आहे ना तुझी?"

मी होकाराची मान हलवली. सर रागावले नाहीत. पान माझ्याकडे सरकवून म्हणाले,

"नोकरीत नवा होतो तेव्हा रजेसाठी मी वडील गेल्याचं खोटं लिहिलं होतं. ते पुढे पंधरा वर्षं जगले. पण रोज उठलो की आधी त्यांचा श्वास चालतोय का, ते बघायचो. तू हे आईला वाचून दाखव. मग ठेवायचं तर ठेव."

मुदतीला चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी मी साखर कारखान्याजवळच्या, ऊसतोड मजुरांच्या तळावर गेले. आई आमच्या कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, भाकरी थापत होती. मी खालमानेने सगळं मराठीत वाचलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिने उलटली नाही.

"ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मनानं लिहिलं."

"माझी माय अशीच गेली. पाटाच्या वळनावर. मी मागच्या ट्रॉलीत हुते."

आजी तापाने गेली, एवढंच आम्हा भावंडांना सांगितलं होतं. मी लुगड्याचं विचारलं. "हिरवंच हुतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुढे बोलली, "जोडवं मी लई हुडकलं. घावलं न्हाई. त्ये मी कुनालाच बोलले न्हाई. तुझ्या बापालाबी न्हाई."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला धजत नव्हतो. निघताना ती म्हणाली, "लिही. पर मला मारू नगंस. ती मेली, ती लिही."

परत येऊन सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "याचा अर्थ मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "आईने सांगितलंय तेवढंच लिही. एक शब्द जास्त नको." मी लिहिलं. आजीचं मरण, ते लपवून जगलेली आई आणि तोडीवरच्या बायकांसाठी मला काय शिकायचं आहे, ते.

ऑनलाइन मुलाखतीला सरांनी स्वतःच्या घरातली खोली दिली आणि बाहेर ओट्यावर बसून राहिले. आजीविषयी एकच प्रश्न आला. मी खरं तेच सांगितलं. माझी निवड झाली.

शिकून परतले आणि आता त्याच तळांवर आरोग्याचं काम करते. सरांकडे अजूनही मुलं येतात. त्यांना सर पहिलं विचारतात, "यातलं खरं किती?"

हा लेख काल आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुझ्या लिहिन्याचं मला भ्याव वाटतं. सरांचं नीट लिही. शंभर वर्सं लिही."

म्हणून तिच्या सांगण्यावरून लिहिते: ढोले सरांना निरोगी, हिंडतं-फिरतं, शंभर वर्षांचं आयुष्य आहे.